दोन तारांचा फवारा

पेटी उघडली तेव्हा घरची चारही माणसं ओटीवर होती, आणि आतून निघालेली वस्तू काय आहे ते चौघांनाही कळलं नाही. वरचा भुसा उपसून आप्पांनी ती दोन्ही हातांनी बाहेर काढली. नारळाएवढी, चकचकीत, देवळातल्या घंटेसारखी. पण घंटेला लोलक असतो तिथे हिला चाळणी होती, आणि डोक्यातून काळ्या कापडात गुंडाळलेल्या दोन तारा शेंडीसारख्या लोंबत होत्या.

"घंटा म्हनावी तर वाजत नाय, दिवा म्हनावा तर वात नाय," त्यांची बायको सोनूबाई म्हणाली. "माज्या लेकानं ह्यां काय धाडलान?"

लेक म्हणजे धाकू. मालवाहू बोटीवर आगवाला. बॉयलरच्या तोंडाशी उभं राहून कोळसा ओढायचा, आणि दोन-अडीच वर्षांनी कधीतरी रत्नागिरीला घरी यायचं, हा त्याचा धंदा. आप्पा बंदरावरच्या कचेरीत पट्टेवाले होते. आता घरी बसले होते आणि घरातल्या प्रत्येक कामाला कचेरीचं काम समजून हात घालत होते. त्यांनी चष्मा लावून पेटीतलं पत्र वाचलं. "ब्राझीलच्या सांतोस बंदरात हा विजेचा फवारा घेतला. ह्यातून पाणी तापून पडते. जाळ लागत नाही, धूर होत नाही. मी येईन तोवर नळ व तारा घालून तयार ठेवावे."

"आणखी काय लिहिलंय?" धाकूच्या बायकोने, राहीने, दाराला टेकून विचारलं.

"बस, एवढंच."

"आणि मालनबद्दल?"

आप्पांनी कागद उलटा करून पाहिला. मागे कोरा होता.

मालन दीड वर्षाची. तिने बाप पाहिला नव्हता आणि बापाने तिला. धाकू मागच्या खेपेला दोन महिन्यांची रजा सांगून आला आणि नवव्या दिवशी निघून गेला, तेव्हा मालनची कुणाला चाहूलही नव्हती. जायच्या सकाळी तो न्हाणीतून बाहेर आला तो डोळे लाल करून. राही अंघोळीचं पाणी तापवायच्या चुलाणापुढे बसून नारळाची ओली सोडणं फुंकत होती. तिच्याकडे न बघता तो म्हणाला, "ह्या धुरात माणूस राहील कसा?" आणि दुपारच्या बोटीने गेला.

ते वाक्य राहीने तेव्हापासून जपून ठेवलं होतं. माणूस धुराला कंटाळून गेला. धूर गेला की माणूस राहील. इतका सरळ हिशेब तिला आजवर कुणी मांडून दिला नव्हता. तिने मालनला कडेवर घेतलं आणि त्या चकचकीत वस्तूकडे बोट दाखवलं. "बघ मालू, बाबांचं! बाबांनी पाठवलंय!"

मालनने हात पुढे केला, त्या थंडगार घंटेवरून फिरवला आणि म्हणाली, "बाबा."

पेटीत एक छापील कागदही होता. भाषा कुणालाच कळेना, पण चित्र स्पष्ट होतं. वरून नळ, नळाला फवारा, फवाऱ्यातून पाणी, आणि पाण्याखाली हसत उभी असलेली एक गोरी बाई. सोनूबाईने तो कागद असा काही दुमडला की नळ राहिला आणि बाई गेली. तसा दुमडलेलाच तो सखाराम मेस्त्रीला दाखवण्यात आला.

सखाराम मेस्त्री सुतार. पण त्याने मुंबईच्या गिरणीत सहा महिने काढले होते, त्यामुळे पाखाडीच्या दगडी पायऱ्यांलगतच्या लोकांत विजेतला जाणकार म्हणून त्याला मान होता. त्याने फवारा कानाशी धरून हलवला आणि तारा ओढून पाहिल्या.

"दोन कामां हायत, आप्पा. पानी आनि वीज. पानी वरनं पडायचां, म्हंजे आधी वर न्यायला हवां."

"आणि वीज?"

"ती आपली आपन येते. तिला वाट करून ठेवायची, बस."

वाट करायची तर अंगण खणावं लागणार, आणि परसात जागेच्या राखणदार देवाचा धोंडा होता. ग्रामदेवीला विचारल्याशिवाय तिथे कुदळ मारायची कुणाची छाती नव्हती. आप्पा देवळात गेले. गुरवाने गाऱ्हाणं घातलं आणि देवीच्या दोन्ही अंगांना ओल्या कळ्या चिकटवल्या. उजवी पडली तर होकार, डावी पडली तर नकार. नळाचं विचारलं, तर गाऱ्हाणं संपायच्या आत उजवी कळी टपकन खाली. मग तारेचं विचारलं. कुठलीच कळी पडेना. अर्धा तास झाला, तास झाला. गुरवाला जांभया यायला लागल्या, कळ्या सुकून देवीच्या अंगाला चिकटून बसल्या.

"देवीनं तारेला नाही म्हटलेलं नाही," आप्पांनी घरी येऊन सांगितलं. "तिला विजेचा अनुभव नाही, म्हणून ती बोलली नाही. कचेरीत साहेब बोलले नाहीत की आम्ही मंजूर धरायचो."

कामाला सुरुवात झाली. विहीर होती वरच्या टप्प्यावरच्या दळ्यात, न्हाणी खाली. मेस्त्रीने पोफळीची खोडं चिरून, कोरून त्यांचे पन्हळ केले आणि विहिरीपासून न्हाणीपर्यंत लाकडी मेढींवर मांडले. न्हाणीच्या पाठीमागे चार जांभ्या चिऱ्यांचे खांब चढवले, त्यावर पिंप बसवलं, पिंपाला लोखंडी नळ आणि नळाच्या टोकाला आत न्हाणीत फवारा. पिंप भरायला शिडी लागू नये म्हणून पन्हळाचं टोक थेट पिंपात सोडलं होतं. सगळं कसं झोकात झालं. फक्त विहिरीतून कळशी ओढून पन्हळात ओतायला माणूस लागत होतं, आणि ते माणूस राही होतं. पूर्वी चौघांच्या अंघोळीला आठ कळशा पुरायच्या. आता अठरा लागायला लागल्या, कारण दहा कळशा पन्हळाच्या फटींतून वाटेतच अळवाला जात होत्या.

पहिल्या दिवशी आप्पांनी तोटी फिरवली. फवारा खाकरला, गुरगुरला, आणि मग सगळ्यांच्या देखत त्याने चाळणीसकट एक बेडूक थुंकला.

"पानी येतां," मेस्त्री समाधानाने म्हणाला.

मग तारा. लाकडी पट्ट्यांतून काळी तार न्हाणीतून माजघरात, माजघरातून ओटीवर, ओटीवरून बाहेर नेऊन तिचं भेंडोळं पेरूच्या झाडाला टांगून ठेवलं. वीज आली की तिने तिथून आत यायचं. विजेची बोलवा गावात दोन वर्षं होती. ती येईपर्यंत सोनूबाईने त्या तारेवर बांगडे सुकत घातले.

एवढं होऊनही न्हाणीतलं चुलाण जागेवर होतं, राही त्यावर पाणी तापवत होती आणि धूर होताच. ते पाडायला सोनूबाई तयार नव्हती. "वीज येऊं दे, मग बघू. माज्या सासूनं लिंपलेलां चुलान हाय तां."

आणि मार्गशीर्षात वीज आली.

म्हणजे खांब आले. पाखाडीवरून आठ-दहा माणसं लोखंडी खांब खांद्यावर घेऊन चढताना दिसली आणि आप्पा धोतर सावरत खाली धावले. एक खांब तर थेट घराच्या दगडी गडग्याला लागून रोवला. आप्पांनी त्याला हळदकुंकू लावलं, नारळ फोडला, त्या माणसांना चार दिवस चहा आणि फोडणीचे पोहे खाऊ घातले. त्यांचा मुकादम पोहे खाऊन इतकंच म्हणायचा, "तुमच्यासारखं सरकारी कामाचं कौतुक कुणी करत नाही, आप्पा."

चौथ्या दिवशी मुहूर्त बघून चुलाण पाडलं. राहीने पहिली पहार मारली. आत इतक्या वर्षांची काजळी होती. ती उडाली आणि मायलेकी, सासू, सासरा सगळे एका रंगाचे झाले. राही हसत होती. सोनूबाई पदराने डोळे पुसत होती. ती न्हाणीच्या बाहेर जाऊन उभी राहिली आणि आत बघेना.

पाचव्या दिवशी खांबावर तार चढली. एकच.

"दुसरी कधी चढवणार?" आप्पांनी मुकादमाला विचारलं. "आमच्या फवाऱ्याला दोन लागतात."

मुकादमाने फवाऱ्याची सगळी हकीकत ऐकून घेतली. हातातली पोह्यांची बशी त्याने हळूच गडग्यावर ठेवली. "आप्पा, ही तारायंत्राची लाइन आहे. बंदरावरच्या कचेरीपर्यंत. ह्यातून निरोप जातो. उजेड जात नाही."

"थोडासुद्धा?"

मुकादमाने मान हलवली. पोहे त्याने संपवले नाहीत, हे आप्पांना फार लागलं.

त्यानंतरचे महिने वाईट गेले. नवीन चुलाण घालायचं म्हटलं तर आप्पा म्हणत, आज ना उद्या वीज येणारच, दोनदा खर्च कशाला. ते असं का म्हणतात ते सगळ्यांना कळत होतं. कुंभाराकडे जाऊन माती मागायची त्यांना लाज वाटत होती. मागच्या अंगणात तीन दगडांवर हंडा ठेवून सोनूबाईपुरतं पाणी तापायचं, तेही वाऱ्यावर कोमट व्हायचं. तिला खोकला लागला. पाखाडीवरून येणाऱ्या-जाणाऱ्या बायका गडग्यावरून मान उंच करायच्या. "काय गो राही, आज विजेनं न्हायलीस?" राही कळशी ओढत राहायची. तिच्या तळहातांना घट्टे पडले होते.

एक मालन तेवढी खूश होती. रोज सकाळी राही तिला फवाऱ्याखाली उभी करी, तोटी जराशी फिरवी, आणि ते गार पाणी अंगावर पडलं की पोर कुडकुडत, ओठ निळे करत वर बघून ओरडायची, "बाबा! बाबा गाऽर!"

"असं नाही म्हणायचं," राही सांगायची. "ते बाबांचं. बाबा बोटीवर आहेत."

"बाबा," मालन फवाऱ्याकडे बोट दाखवून ठाम सांगायची. तिच्याशी वाद घालायला राहीकडे पुरावा नव्हता.

फाल्गुनात एका सकाळी टपालवाला गडग्याशी उभा राहिला. हातात तार होती. तार म्हणजे एकच बातमी, हे पाखाडीवर सगळ्यांना ठाऊक होतं. सोनूबाईने पाहिलं मात्र, आणि तिने हंबरडा फोडला. "माजो धाकू!" आप्पांनी लखोटा घ्यायच्या ऐवजी दोन्ही हात पाठीमागे नेले. राही तशीच उभी राहिली. खांब तिच्या डोळ्यांसमोर होता. त्याला लावलेलं हळदकुंकू अजून पुरतं गेलं नव्हतं.

"अहो, रडता काय?" टपालवाल्याने शेवटी स्वतःच लखोटा फोडला. "गुरुवारच्या बोटीनं येतोय. ऊन पाणी तयार ठेवा, म्हणून कळवलंय."

सोनूबाई रडायची थांबली. आप्पा बसले. मग हळूहळू सगळ्यांची नजर न्हाणीकडे वळली.

"ऊन पाणी," आप्पा म्हणाले. "म्हणजे फवारा चालू हवा."

गुरुवारला दोन दिवस होते. मेस्त्रीला बोलावणं गेलं.

"विजेशिवाय होनार नाय," मेस्त्री म्हणाला. मग तो पिंपाखाली जाऊन उभा राहिला. "पन म्हंजे, आप्पा, पानी वर ऊन गेलां तर खाली ऊनच येनार ना?"

बेत ठरला. न्हाणीच्या पाठीमागे, पिंपाच्या पायथ्याशी, आतल्या माणसाला दिसणार नाही असं नवं चुलाण घालायचं. धाकू आत शिरला की राहीने जाळ करायचा, मेस्त्रीने हंडा घेऊन शिडीवर चढायचं आणि पिंपात ओतायचं. आप्पा ओटीवरून खोकून इशारा देतील. आत धूर नाही, जाळ नाही. वीज आहे की नाही ते कोण बघतो?

"आणि त्यांना कळलं तर?" राहीने विचारलं.

"तोवर वीज येईल," आप्पा म्हणाले.

दोन रात्रींत माती सुकली नाही. गुरुवारी राहीने त्या ओल्या चुलाणात जाळ घातला आणि असा धूर उठला की बंदरावरून येणाऱ्या माणसाला घर शोधायला नको.

धाकू आला. रापलेला, वाळलेला, पायात बूट. त्याने मालनला बघितलं आणि हात पुढे केले. मालन किंचाळून आजीच्या मागे लपली.

"अगो, बाबा तो!" सोनूबाई म्हणाली.

"नाय!" मालनने न्हाणीकडे बोट दाखवलं. "बाबा तो!"

धाकूला अर्थ लागेना. आप्पांनी घाईने त्याला टॉवेल दिला. "आधी अंघोळ कर. सगळं तयार आहे. वीजसुद्धा." आणि ते जोरात खोकले.

राही चुलाणापुढे बसली होती. डोळ्यांतून धारा लागल्या होत्या, पण मनात तिने देवीला हात जोडले होते. एकदा त्यांच्या अंगावर ऊन पाणी पडू दे, बिनधुराचं. एकदाच. मेस्त्री शिडीवर चढला, हंडा ओतला. आत तोटी फिरली. आतून समाधानाचा एक लांब हुंकार आला. आप्पांना तो ओटीपर्यंत ऐकू आला आणि आनंदाने त्यांना खरंच खोकला आला.

खोकला म्हणजे इशारा. मेस्त्रीने दुसरा हंडा उचलला. त्यात गार पाणी मिसळायचं राहून गेलं होतं.

"आयेऽऽ!"

धाकू टॉवेल गुंडाळून बाहेर आला तो उड्या मारत, पाठ हातांनी चोळत. न्हाणीला वळसा घालून तो मागे आला आणि थांबला. शिडीवर रिकामा हंडा घेतलेला मेस्त्री. खाली धूर. धुरात, फुंकणी हातात धरून, काजळलेल्या तोंडाची, सुजलेल्या डोळ्यांची त्याची बायको.

"रामराम, धाकूशेट," मेस्त्री वरूनच म्हणाला.

"हे काय गो?" धाकूने राहीला विचारलं.

राहीला वाटलं, आता संपलं. "तुम्ही म्हणाला होतात ना, ह्या धुरात माणूस राहील कसा... म्हणून..."

धाकू तिच्याकडे बघत राहिला. "मी माझं नव्हतं सांगितलं. तुझं सांगितलं होतं. घरची बाई, आणि सकाळ-संध्याकाळ धूर खात बसलेली. फवारा तुझ्या डोळ्यांसाठी पाठवला मी."

"मग नवव्या दिवशी गेलात ते?"

"बोट ठरल्याआधीच सुटत होती म्हणून. मला कसला धूर? आगवाला आहे मी." मग तो ओशाळून हसला. "बोटीवर रोज उभ्यानं न्हातो, खाऱ्या पाण्यानं. अडीच वर्षं एकच डोळ्यांसमोर होतं. आयेच्या चुलाणावरचं पाणी, घंगाळात, पाटावर बसून. म्हणून तार केली."

सोनूबाई मागच्या दारात येऊन उभी होती. तिने फक्त आप्पांकडे बघितलं. आप्पा पेरूच्या झाडावरचं तारेचं भेंडोळं सरळ करायला निघून गेले.

रजा मात्र दोनच दिवसांची होती. शनिवारी सकाळच्या बोटीने मुंबई, सोमवारी मोठी बोट सुटणार. ती चुकली की नाव कटलं. राहीने हे ऐकलं आणि डाळ निवडायला घेतली. धूर असो, नसो, माणूस जाणारच होता. इतके दिवस तिने धुराला उगीच दोष दिला होता.

दोन्ही दिवस मालन बापाच्या जवळ फिरकली नाही. त्याने शहाळं दिलं, ती फिरकली नाही. शिट्टी दिली, शिट्टी घेतली आणि फवाऱ्याला दाखवायला घेऊन गेली.

शनिवारी आप्पा ट्रंक घेऊन बंदरावर, बोटीपर्यंत नेणारा पडाव धरून ठेवायला पुढे गेले. सोनूबाईने लेकाच्या हातावर दही घातलं. धाकू कोट-बूट घालून तयार होता. न्हाणीपुढे राही मालनचे कपडे काढत होती.

"आज मी न्हाऊ घालतो तिला," तो म्हणाला. मालनने असा टाहो फोडला की तो दोन पावलं मागे सरला. त्याने कोट काढून खुंटीला अडकवला. मग तो न्हाणीला वळसा घालून मागे गेला. थोड्या वेळाने शिडी करकरली.

राहीने मालनला फवाऱ्याखाली उभी केली आणि तोटी फिरवली. पोरीने सवयीने खांदे आवळले, डोळे गच्च मिटले. पाणी पडलं. तिने एक डोळा उघडला. दुसरा उघडला. मग हळूहळू खांदे सैल सोडले आणि तोंड वर केलं.

"आये," ती कुजबुजली, "बाबा ऊन झाला."

बंदरावर बोटीचा पहिला भोंगा झाला. राहीने ऐकला. भिंतीपलीकडे शिडीवर पावलं उतरली, जाळात सोडणं पडली, पावलं पुन्हा चढली.

"आनी!" मालन म्हणाली.

दुसरा भोंगा झाला. सांगायला हवं, असं राहीला वाटलं. तिने तोंड उघडलंही. पण तोंडात वाफ गेली, आणि तिने तोटी आणखी फिरवली. सोनूबाई न्हाणीच्या दारात येऊन उभी होती. तिलाही भोंगा ऐकू गेला असणार. ती वळली आणि मागच्या दारी आणखी सोडणं घेऊन गेली.

आप्पा धापा टाकत आले तेव्हा तिसरा भोंगा होऊन गेला होता. "धाक्या! अरे, पडाव सुटला! तुझी ट्रंक चढवली मी, आणि तू कुठायस?"

न्हाणीमागे शिडी करकरली. आप्पांनी पेरूवर लोंबणारी तार पाहिली, मग न्हाणीच्या दारातून येणारी वाफ पाहिली. ते ओटीवर टेकले. "नळाला देवी लगेच हो म्हणाली होती," ते स्वतःशीच म्हणाले. "तारेचं मीच उगाच विचारलं."

आत मालन दोन्ही हात वर करून उभी होती. "बाबा, आनी!"

आणि इतक्या महिन्यांत पहिल्यांदाच फवारा बोलला. वरून, जरासा घोगरा आवाज आला. "आणतो गो, बाय. आणतो."